बॅटरी गोठली तर?



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी रात्री वळवाचा पाऊस आला, वीज गेली आणि ती थेट रविवारी दुपारी परत आली. घरी असं झालं की आपण फ्रिजमधल्या दुधाची काळजी करतो. मी काळजी करत होते एका भट्टीची. त्या भट्टीत माझे चार सेल गेले दोन महिने २८० अंश सेल्सिअसला चालू होते. नोंदी घेणाऱ्या कॉम्प्युटरला यूपीएस आहे, भट्टीला नाही. एवढी वीज खाणारी वस्तू यूपीएसवर ठेवणं आम्हाला परवडत नाही. सोमवारी सकाळी जाऊन पाहिलं तर भट्टी खोलीइतकीच थंड, आणि आतले चारही सेल गोठलेले.

गोठलेले म्हणजे बर्फ झालेले नव्हेत हं. खोलीत ३२ अंश तापमान होतं आणि मी घामाघूम झाले होते. पण ज्या सेलमधले पदार्थ वितळलेले असतील तरच तो काम करतो, त्याच्या दृष्टीने ३२ अंश म्हणजे कडाक्याची थंडी.

त्या चारपैकी तीन सेल परत चालू झाले. चौथा गेला. तो का गेला हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे. बोलता बोलता एका मोठ्या प्रश्नाकडेही जायचंय: कायम गरम राहावी लागणारी बॅटरी वापरात नसेल तेव्हा तिचं काय करायचं? वीज खर्च करून गरम ठेवायची, की खुशाल गोठू द्यायची?

मुळात गरम कशाला?

आपल्या मोबाईलच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत दोन्ही इलेक्ट्रोड घन असतात आणि मधला इलेक्ट्रोलाइट द्रव असतो. मी ज्या बॅटऱ्यांवर काम करते त्यात हे सगळं उलटं आहे. इथे एक इलेक्ट्रोड वितळलेला सोडियम, दुसरा पूर्ण किंवा अर्धवट वितळलेला, आणि मधला इलेक्ट्रोलाइट चक्क सिरॅमिक. कपबशीसारखं कडक, ठिसूळ सिरॅमिक.

या सिरॅमिकचं नाव बीटा-ॲल्युमिना. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे थर एकावर एक रचलेले असतात आणि दर दोन थरांमध्ये एक मोकळी पट्टी असते. त्या पट्टीतून सोडियमचे आयन ये-जा करू शकतात. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात दोन अंकांच्या मधून मुंग्या फिराव्यात तसं. इलेक्ट्रॉनला मात्र यातून वाट नाही, त्यामुळे त्यांना बाहेरच्या तारेतून जावं लागतं, आणि तीच आपली वीज. साध्या तापमानाला ही मुंग्यांची रांग फार रेंगाळते. ३०० अंशांच्या आसपास ती इतकी वेगात चालते की हे घन सिरॅमिक एखाद्या द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीचं काम करतं.

१९६०च्या दशकात अमेरिकेत फोर्ड मोटर कंपनीतल्या जोसेफ कमर आणि नील वेबर यांनी या गुणाचा उपयोग करून सोडियम-गंधक बॅटरी तयार केली. एका बाजूला सोडियम, दुसऱ्या बाजूला गंधक, मध्ये बीटा-ॲल्युमिनाची नळी, तापमान ३०० ते ३५० अंश. सोडियम इलेक्ट्रॉन सोडतो, त्याचा आयन सिरॅमिकमधून पलीकडे जातो आणि गंधकाशी मिळून सोडियम पॉलिसल्फाइड तयार होतं. चार्ज करताना हेच उलट्या दिशेने. पुढे जपानमध्ये एनजीके या सिरॅमिकच्या कंपनीने टोकियोच्या वीज कंपनीबरोबर ही बॅटरी बाजारात आणली. उत्तर जपानमधल्या रोक्काशो इथे २००८मध्ये एका पवनचक्की प्रकल्पाला ३४ मेगावॉट क्षमतेच्या अशा बॅटऱ्या जोडल्या गेल्या.

दुसरं भावंड जन्मलं दक्षिण आफ्रिकेत. प्रिटोरियातल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेत (आपल्या सीएसआयआरशी फक्त नाव जुळतं, संस्था वेगळी) योहान कूत्सेर आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात गंधक काढून टाकलं आणि त्या जागी निकेल क्लोराइड आणलं. निकेल क्लोराइड या तापमानाला वितळत नाही. त्यामुळे त्याच्या कणांपर्यंत सोडियमचे आयन पोचवायला सोबत एक मदतनीस क्षार घातला, सोडियम क्लोरोॲल्युमिनेट. तो १५७ अंशांना वितळतो. या बॅटरीचं नाव पडलं झेब्रा. डिस्चार्ज होताना तिच्यात काय तयार होतं माहितीये? निकेल आणि साधं मीठ! त्यामुळे ही बॅटरी बनवताना मीठ आणि निकेलची पूड भरली की झालं, सोडियम पहिल्या चार्जिंगमध्ये आपोआप तयार होतो. सेलचा व्होल्टेज २.५८.

माझे सेल या दुसऱ्या जातीचे. पण गोठण्याचा प्रश्न समजायला आधी पहिली जात पाहणं सोपं जाईल.

तापमान बदलतं, ते रोजच बदलतं

तुम्ही म्हणाल, तापमान वर-खाली झाल्याने बिघडत असेल तर अशा बॅटऱ्या रोज बिघडायला हव्यात. प्रश्न बरोबर आहे. सोडियम-गंधक बॅटरी डिस्चार्ज होताना तापते आणि चार्ज होताना परत उतरते. दिवसाकाठी वीस-तीस अंशांचा चढउतार नेहमीचाच आहे. त्याने फारसं काही बिघडत नाही, कारण तेवढ्या पट्ट्यात सोडियम, गंधक, पॉलिसल्फाइड सगळं द्रवच राहतं. द्रवाला स्वतःचा आकार नसतो. भांडं थोडं आकसलं, थोडं पसरलं, तर द्रव निमूटपणे जागा करून देतो.

खरी गडबड होते ती द्रव घन होतो तेव्हा. म्हणून आमच्या क्षेत्रात साध्या चढउताराचा विचार वेगळा आणि 'गोठणं-वितळणं' या चक्राचा विचार वेगळा करतात.

वरून खाली येताना

आता आपण एक सोडियम-गंधक सेल ३५० अंशांवरून सावकाश थंड करू.

साधारण २९० ते २४० अंशांच्या दरम्यान पॉलिसल्फाइड गोठायला लागतं. त्यात सोडियमचं प्रमाण किती, यावर नेमका अंक ठरतो. गंधकातून वीज वाहत नाही म्हणून त्या बाजूला कार्बनच्या तंतूंची नमद्यासारखी गादी भरलेली असते. पॉलिसल्फाइड त्या गादीतच गोठतं. म्हणजे सिमेंटमध्ये सळया असाव्यात तसा एक कडक ठोकळा तयार होतो, आणि तो एकीकडे सिरॅमिकच्या नळीला, दुसरीकडे धातूच्या डब्याला चिकटतो.

आणखी खाली, ११५-१२० अंशांच्या सुमाराला उरलेलं गंधक गोठतं. ९८ अंशांना सोडियम. आणि ९५ अंशांच्या आसपास गोठलेल्या गंधकाचे स्फटिक आपली रचना बदलून जास्त दाट होतात. म्हणजे घन झाल्यानंतरही ते एकदा आकसतं.

इथे एक गैरसमज दूर करते. फ्रीझरमध्ये पाण्याची काचेची बाटली विसरली की ती फुटते, कारण पाणी गोठताना फुगतं. या सेलमध्ये तसं होत नाही. सोडियम गोठताना आकसतो, अडीच टक्क्यांच्या जरा वर. गंधकही आकसतं. त्यामुळे इथलं नुकसान आतून ढकलल्यामुळे होत नाही, ओढल्यामुळे आणि वाकवल्यामुळे होतं.

सोडियम स्वतः मात्र गरीब आहे बिचारा. घन झाला तरी इतका मऊ की सुरीने कापता येतो. तो सिरॅमिकला काय इजा करणार! दोष जातो तो पॉलिसल्फाइडच्या ठोकळ्याकडे.

थोडा हिशेब

एक मीटर लांबीची वस्तू एक अंशाने थंड केली तर किती आकसते? बीटा-ॲल्युमिना सात-आठ मायक्रॉन. स्टेनलेस स्टील सतराच्या आसपास. ॲल्युमिनियम तेवीस. सोडियम जवळजवळ सत्तर. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

मोठ्या सोडियम-गंधक सेलची लांबी साधारण अर्धा मीटर धरू आणि तो ३०० अंशांनी थंड करू. सिरॅमिकची नळी १.१ मिलिमीटरने आकसेल. तेवढ्याच लांबीचं स्टेनलेस स्टील अडीच मिलिमीटरने, ॲल्युमिनियम साडेतीनच्या आसपास. फरक दीड ते अडीच मिलिमीटरचा. ऐकायला कमी वाटतं, पण कपबशीला अर्ध्या मीटरमध्ये दोन मिलिमीटर ताणून बघा. तिचे तुकडे होतील.

सेल बनवणाऱ्यांना हे माहीत असतंच. पूर्वी रेल्वेच्या रुळांच्या सांध्यांत फट ठेवत, तोच विचार इथेही आहे. नळीचं खालचं टोक बंद आणि मोकळं असतं, ती फक्त वरच्या बाजूने धरलेली असते, बुचात अडकवलेल्या परीक्षानळीसारखी. त्यामुळे डबा आणि नळी वेगवेगळ्या मापाने आकसले तरी एकमेकांना ओढत नाहीत. वरचा सांधाही एकदम सिरॅमिक-धातू असा नसतो. आधी बीटा-ॲल्युमिनाला काचेने साध्या ॲल्युमिनाची कडी जोडतात आणि मग त्या कडीला धातू. काचही अशी निवडतात की तिचं प्रसरण सिरॅमिकच्या जवळपास असेल.

सगळं वितळलेलं आहे तोवर ही योजना उत्तम चालते. पण पॉलिसल्फाइड गोठलं की ठेवलेली फटच भरून जाते. मोकळी नळी आता ठोकळ्यात गच्च बसलेली असते आणि ठोकळा डब्याला धरून असतो. त्या क्षणापासून खोलीच्या तापमानापर्यंत जो काही फरक पडेल तो कुणाला तरी सोसावा लागतो.

खडूची गोष्ट

सिरॅमिकचा स्वभाव खडूसारखा आहे. खडू उभा धरून दोन्ही टोकांनी दाबा, बराच दाब सोसेल. पण जरा वाकवा, कट्‌. वाकवताना एका बाजूला दाब येतो आणि दुसऱ्या बाजूला ओढ. खडू मोडतो तो ओढीच्या बाजूने.

बाहेरचा ठोकळा नळीला सगळीकडून सारखाच आवळत असता, तर नळीने तो दाब सहन केला असता. पण खरा ठोकळा एकसारखा कधीच नसतो. खाली जास्त, वर कमी. एका बाजूने भेगाळलेला, दुसऱ्या बाजूने घट्ट. बाहेरचा भाग आधी थंड, आतला नंतर. त्यामुळे नळी अगदी किंचित वाकते. तेवढं तिला पुरतं.

गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाही, पहिल्याच वेळी नळी फुटेल असं नाही. सिरॅमिकच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतातच. प्रत्येक गोठण्या-वितळण्यात त्यातला एखादा थोडा पुढे सरकतो. सेल पुन्हा गरम केला की सगळं ठीक दिसतं. मग चार्जिंगच्या वेळी सोडियम त्या भेगेच्या तोंडाशी गोळा होतो, दाबाने आत घुसतो आणि भेग आणखी पुढे नेतो. त्यामुळे गोठण्याचा हिशेब कधी कधी काही आठवड्यांनी चुकता होतो, आणि तोवर आपण दुसऱ्याच कुणावर संशय घेत बसतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. सेल कोणत्या स्थितीत गोठतो याला महत्त्व आहे. पूर्ण चार्ज असेल तर त्या बाजूला बहुतेक गंधकच असतं, आणि ते १२० अंशांपर्यंत द्रव राहतं. डिस्चार्ज झालेला असेल तर पॉलिसल्फाइड जास्त, म्हणजे अडीचशे अंशांपासूनच सगळं जखडलं जातं. पहिल्यात उरलेला प्रवास शंभरेक अंशांचा, दुसऱ्यात दोनशेच्या वर.

झेब्रा का तगते?

झेब्रा बॅटरी पुष्कळ वेळा गोठवून परत चालू करता येते, हा तिचा नावाजलेला गुण. त्यामागे जादू नाही. वर सांगितलेलंच गणित आहे, फक्त आकडे आणि जागा बदलल्या आहेत.

पहिली गोष्ट, तिचा मदतनीस क्षार १५७ अंशांपर्यंत द्रव असतो. तोपर्यंत नळी मोकळी. जखडल्यानंतर खोलीच्या तापमानापर्यंत उतरायचे ते फक्त १३० अंश. पॉलिसल्फाइडच्या बाबतीत हाच आकडा २१५ ते २६५ आहे.

दुसरी गोष्ट, झेब्रामध्ये आतबाहेर बदललेलं आहे. सोडियम-गंधकाच्या नेहमीच्या रचनेत सोडियम नळीच्या आत आणि गंधक बाहेर. झेब्रात निकेल आणि क्षार आत, सोडियम बाहेर. पेल्यात वितळलेलं मेण ओता आणि थंड होऊ द्या. मेण काचेपेक्षा जास्त आकसतं आणि कडेपासून सुटतं, पेल्याला धक्का लागत नाही. इथेही आतला गोळा सिरॅमिकपेक्षा जास्त आकसून भिंतीपासून दूर जायला बघतो. बाहेर उरला सोडियम, तो तर मऊच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. समजा, इतकं करूनही सिरॅमिक तडकलं. सोडियम-गंधक सेलमध्ये तडा गेला तर वितळलेला सोडियम आणि वितळलेलं गंधक थेट भेटतात आणि प्रचंड उष्णता बाहेर पडते. ती भेट आटोक्यात राहावी म्हणून सोडियमची वाट मुद्दाम अरुंद केलेली असते. झेब्रात तड्यातून आलेल्या सोडियमला पहिल्यांदा भेटतो तो मदतनीस क्षार. दोघांपासून मीठ आणि ॲल्युमिनियम तयार होतं. मीठ घन, ॲल्युमिनियम घन. तडा बराचसा बुजतो, आणि ॲल्युमिनियम हा धातू असल्यामुळे तो सेल आता साध्या तारेसारखा वागतो. शंभर सेलच्या माळेत एक असा मेला तरी माळ चालू राहते, फक्त अडीच व्होल्टने गरीब होते. जुन्या दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, त्याच्या बरोब्बर उलट.

सेल फुटण्याचे परिणाम किती गंभीर असू शकतात हे २१ सप्टेंबर २०११ रोजी जपानमध्ये दिसलं. एका कारखान्यातल्या सोडियम-गंधक बॅटरीला आग लागली. एका सदोष सेलमधून वितळलेला पदार्थ बाहेर आला आणि शेजारच्या सेलमध्ये शॉर्ट सर्किट झालं. ती आग पूर्ण विझल्याचं जाहीर व्हायला दोन आठवडे लागले, कारण सोडियमवर पाणी मारता येत नाही. एनजीकेने उत्पादन थांबवलं आणि सेलमधल्या संरक्षणात सुधारणा करून मग पुन्हा सुरू केलं. ही आग गोठण्यामुळे लागली नव्हती, हे स्पष्ट सांगते. पण आत काय भरलंय आणि मध्ये फक्त एक सिरॅमिकची भिंत आहे, हे लक्षात ठेवायला ती घटना उपयोगी पडते.

मग माझा सेल का गेला?

आता परत माझ्या भट्टीकडे. माझे सेल झेब्राच्या जातीचे, मग चौथा का मेला?

सोमवारी सकाळी मी चारही सेल भिंगातून पाहिले. बाहेरून सगळं ठीक. व्होल्टमीटर लावून उपयोग नव्हता, क्षार गोठलेला असताना आयन हलत नाहीत आणि काटा काहीही दाखवतो. त्या आठवड्यात सरांना आकडे दाखवायचे होते. दीड दिवस आधीच गेला होता. मी भट्टी लावली ती मिनिटाला दहा अंश या वेगाने. अर्ध्या तासात काम होईल असा विचार.

नोंदींमध्ये पुढचं सगळं दिसतं. १६० अंश ओलांडल्यावर एकेक करून चारही सेल जागे झाले, चौघांचेही व्होल्टेज अडीचच्या वर. मी खूश. थंड होताना कुणाला काही झालं नव्हतं! २३० अंशांच्या पुढे चौथ्या सेलचा व्होल्टेज एकदम १.६वर आला, थोडा वेळ तिथे रेंगाळला आणि मग हळूहळू शून्याकडे गेला.

हा आकडा आमच्या ओळखीचा आहे. सोडियम जेव्हा निकेल क्लोराइडऐवजी मदतनीस क्षाराशीच थेट अभिक्रिया करतो, तेव्हा १.५८ व्होल्ट मिळतात. म्हणजे सिरॅमिक तडकलं, ॲल्युमिनियम तयार झालं आणि सेलची तार झाली. झेब्राने वचन दिल्याप्रमाणे ती शांतपणे गेली. धूर नाही, आवाज नाही. मी मात्र तितकी शांत नव्हते.

सेल उघडला तेव्हा तडा सांध्यापासून सुरू झालेला दिसला. माझे सेल नळीचे नाहीत, ते चपटे असतात. सिरॅमिकची गोल चकती आणि तिच्या कडेला चारही बाजूंनी धातूची कडी जोडलेली. नळी एका बाजूने मोकळी असते, चकती कुठूनच मोकळी नसते. आणि भट्टी तापते बाहेरून. वेगाने तापवलं की आधी धातूची कडी गरम होते, सिरॅमिक मागे राहतं. धातू तसाही जास्त पसरणारा, त्यात तो पुढे गेलेला. तो चकतीला कडेने बाहेर ओढतो. ओढ म्हणजे काय होतं, ते खडूने आपल्याला सांगितलंच आहे.

म्हणजे बघा, रसायन तेच, क्षार तोच, वाचलेल्या तीन सेलसारखाच हा चौथा. वीज जाऊन भट्टी गार झाली ती सावकाश, तिचं जाड अस्तर तासन्‌तास उष्णता धरून ठेवतं. ते सगळ्यांनी सोसलं. घाई केली ती मी. त्यात ज्याचा सांधा जरा कच्चा होता तो गेला. 'झेब्राला गोठणं चालतं' हे वाक्य मी शंभर वेळा वाचलं होतं. ते नळीबद्दल होतं, आणि सावकाश गरम करण्याबद्दल होतं. हे कंसातले शब्द मी वाचलेच नव्हते.

गरम ठेवायची की गोठू द्यायची?

आता मोठ्या प्रश्नाकडे. गाडीत बसणाऱ्या वीसेक युनिटच्या (महावितरणच्या बिलात असतं तेच युनिट) झेब्रा बॅटरीभोवती निर्वात पोकळीचं आवरण असतं, थर्मासारखं. आत पावणेतीनशे अंश, बाहेरून हात लावला तर जेमतेम कोमट. तरीही सुमारे १०० वॉट उष्णता निसटतेच. दिवसाला २.४ युनिट. महिन्याला बहात्तर. एखाद्या लहान घराचं बिल त्यात निघेल.

बॅटरी रोज वापरात असेल तर हा खर्च फारसा जाणवत नाही, कारण चार्ज-डिस्चार्ज होताना आतच निर्माण होणारी उष्णता तिला ऊब देते. चंद्रपूरचा मे असो की द्रासचा जानेवारी, बाहेरच्या हवेचा तिच्यावर परिणाम होत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण गाडी उभी करून तुम्ही गावाला गेलात की हिशेब बदलतो. प्लग लावला नसेल तर ती स्वतःचीच वीज खाऊन गरम राहते. वीस युनिट भागिले २.४, म्हणजे आठ दिवसांत पोट रिकामं. मग तीन-चार दिवसांत थंड होऊन गोठते. परत यायला बारा ते चोवीस तास. थिंक सिटी ही नॉर्वेची छोटी गाडी किंवा मोडेक या ब्रिटिश व्हॅन, ज्यांत या बॅटऱ्या होत्या, त्या उभ्या असताना प्लगला लावून ठेवायच्या त्या यासाठी.

म्हणून माझं उत्तर असं आहे. रोज लागणारी बॅटरी गरमच ठेवावी. महिनोन्‌महिने लागणार नसेल तर गोठू द्यावी, पण ठरवून: चार्ज करून, सावकाश, आणि वितळवताना त्याहून सावकाश. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे तिसरा, ज्यात ती कधी गोठते हे वीज जाण्यावर अवलंबून असतं. जिथे वीज वारंवार जाते तिथे अशी बॅटरी बसवायची असेल तर किती चार्ज उरला असताना तिने स्वतःला गरम ठेवणं सोडून द्यायचं, हे आधीच ठरवलेलं असलं पाहिजे.

गोठणं कामाला लावणं

गोठलेल्या सेलमध्ये आयन हलत नाहीत, असं मी वर तक्रारीच्या सुरात म्हटलं. पण तेच उलटं वाचून बघा. आयन हलत नाहीत म्हणजे चार्जही निसटत नाही. दिवाळीत चार्ज केलेली बॅटरी गोठवून ठेवली तर पाडव्याला तशीच मिळेल?

अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०२२मध्ये नेमकी अशी बॅटरी मांडली. ॲल्युमिनियम आणि निकेलचे इलेक्ट्रोड, मध्ये वितळणारा क्षार. १८० अंशांना तापवून चार्ज करायची, मग थंड करून ठेवून द्यायची आणि हवी तेव्हा परत तापवायची. बारा आठवड्यांनंतर तिच्यात ९२ टक्के क्षमता शिल्लक होती. हेतू असा की वसंतात वारा आणि नद्यांचं पाणी भरपूर असतं तेव्हाची वीज दुसऱ्या ऋतूसाठी ठेवता यावी. प्रयोगातली बॅटरी तळहातावर मावेल एवढीच होती. त्यामुळे उद्या बाजारात येईल असं समजू नका.

तो शोधनिबंध वाचताना माझं लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेलं. त्यांनी मध्ये सिरॅमिकची भिंत ठेवलेलीच नाही. काचतंतूंचं साधं कापड ठेवलंय. जी वस्तू तडकते तीच काढून टाकली. ज्या बॅटरीने गोठायचंच आहे, तिच्यात ठिसूळ काही नको, हा विचार त्यांनी सुरुवातीलाच केला. सोडियमच्या बॅटरीत मला ते करता येत नाही, कारण तिथे सिरॅमिक हाच सगळा खेळ आहे. मला त्याच चकतीला आणि तिच्या कडेच्या सांध्याला सांभाळून घेणारी रचना शोधायची आहे, आणि सध्या माझा सगळा वेळ त्यातच जातोय.

वाचलेले तीन सेल अजून चालू आहेत. भट्टीच्या दारावर मी जाड मार्करने एक चिठ्ठी लिहून चिकटवली आहे: "मिनिटाला एक अंश. घाई असेल तर चहा पिऊन या." नवीन आलेली मुलं हसतात. हसू देत.

भेटू पुढच्या लेखात.